अंधारातले रोप

प्रकाशाशिवाय रोप नीट वाढत नाही, हे वर्गात दाखवायचे तर आपण दोन कुंड्या घेतो. माती सारखी, पाणी सारखे, बी एकाच वाणाचे. एक कुंडी खिडकीत ठेवतो, दुसरी कपाटात. आठ-दहा दिवसांनी कपाटातले रोप पिवळे, किडकिडीत, मान टाकलेले दिसते. मुलांना मुद्दा पटतो. एखादी मुलगी मात्र विचारते, "आता त्याला उन्हात ठेवायचं का?" आपण हसून हो म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

खरे तर तिथे थांबायला हवे. कपाटातले रोप नसेल तर खिडकीतल्या रोपाबद्दल आपल्याला खात्रीने काहीच म्हणता येत नाही. तुलना हा प्रयोगाचा पायाच आहे. पण कपाटात रोपाऐवजी माणूस असेल तर? आणि आपल्याला कपाटात ठेवले आहे हे ओळखून तो माणूस बोलू लागला तर?

१९८० च्या दशकात अमेरिकेत हे खरोखर घडले. बोलू लागलेल्यांत बहुतेक जण समलिंगी पुरुष होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून समलिंगी स्त्रिया उभ्या होत्या. त्यांच्यापैकी फार थोड्यांना विज्ञानाचे शिक्षण मिळालेले होते. तरीही औषधांच्या चाचण्या कशा घ्यायच्या, याबद्दलचे जगाचे विचार त्यांनी बदलले. विज्ञानाच्या इतिहासातले हे प्रकरण आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, म्हणून ते इथे सांगते आहे.

एक आजार आणि एक शिक्का

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) साप्ताहिक वार्तापत्रात एक छोटे टिपण आले. लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. रोगप्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसांनाच तो होतो. पाचही जण समलिंगी होते. महिन्याभरात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातून कापोसी सार्कोमा या विरळ कर्करोगाच्या २६ रुग्णांची नोंद झाली. तेही सगळे समलिंगी पुरुष.

सुरुवातीला काहींनी या आजाराच्या नावातच 'समलिंगींचा' हा शब्द घातला होता. वैज्ञानिकदृष्ट्या ही घाई होती. हिमोफिलियाचे रुग्ण, शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणारे, रक्त दिले गेलेले रुग्ण, स्त्रिया, तान्ही बाळे या सर्वांत तो दिसू लागला आणि १९८२ मध्ये त्याला 'एड्स' हे नाव मिळाले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला. १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली. विषाणू माणसाची आवडनिवड पाहत नाही, तो फक्त शरीरात शिरण्याची वाट शोधतो, हे आता स्पष्ट झाले होते. पण आधी बसलेला शिक्का पुसला गेला नाही.

त्या शिक्क्याचे परिणाम साधे नव्हते. नोकऱ्या गेल्या, घरे सोडावी लागली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रस्ताव मतदानाला आला. तो मंजूर झाला असता तर एड्सच्या रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला असता. मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटने मात्र ९४ विरुद्ध २ मतांनी एक दुरुस्ती संमत केली : समलिंगी संबंधांना उत्तेजन देते असे वाटणाऱ्या कोणत्याही एड्सविषयक शिक्षण-साहित्यावर केंद्र सरकारचा पैसा खर्च करायचा नाही. म्हणजे ज्यांना माहितीची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायलाच बंदी. ब्रिटनमध्ये १९८८ साली 'कलम २८' आले. समलिंगी संबंधांचा 'प्रचार' करायला स्थानिक संस्थांना त्याने मनाई केली. आपण काय बोललो तर अंगाशी येईल हे न कळल्यामुळे तिथले शिक्षक कित्येक वर्षे गप्प राहिले. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. शिक्षकाच्या मौनाची किंमत मुलांना मोजावी लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते १९८७ च्या मे महिन्याच्या अखेरीला. तोवर देशात वीस हजारांहून अधिक माणसे मेली होती.

आधी आपले आपण

सरकार हलेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लेखक लॅरी क्रेमर आणि त्यांच्या मित्रांनी 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' ही संस्था काढली. रुग्णांच्या घरी जाणे, स्वयंपाक करणे, दूरध्वनीवर माहिती देणे ही कामे स्वयंसेवकांनी सुरू केली. १९८३ मध्ये मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोन रुग्णांनी, विषाणूची ओळख सर्वमान्य होण्यापूर्वीच, जोसेफ सोनाबेंड या डॉक्टरांच्या सल्ल्याने एक पुस्तिका लिहिली आणि सुरक्षित संबंधांसाठी निरोध वापरण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी डेन्व्हर इथे जमलेल्या रुग्णांनी जाहीर केले की आम्हाला 'बळी' म्हणू नका; आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हालाही बसू द्या.

समलिंगी स्त्रियांना या रोगाचा धोका तुलनेने कमी होता. त्या बाजूला राहू शकल्या असत्या, पण राहिल्या नाहीत. समलिंगी पुरुषांचे रक्त घेणे बंद झाल्यावर १९८३ मध्ये सॅन दिएगोतल्या समलिंगी स्त्रियांनी रुग्णांसाठी रक्तदान शिबिरे भरवली. त्या 'ब्लड सिस्टर्स' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. स्त्रीआरोग्याच्या चळवळीत डॉक्टरांशी वाद घालायची, मोर्चे बांधायची सवय अनेकींना झालेली होती. तो अनुभव पुढे फार कामाला आला.

एक आणि एकोणीस

आता आपल्या कुंड्यांकडे येऊ. १९८६ मध्ये एझेडटी या औषधाची चाचणी सुरू झाली. हे रसायन १९६४ साली कर्करोगासाठी बनवले गेले आणि निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. एचआयव्ही आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करून पेशीत ठाण मांडतो. एझेडटी त्या नकलेच्या साखळीत खोटा दुवा म्हणून शिरते आणि साखळी तिथेच तुटते.

चाचणीत २८२ रुग्ण होते. निम्म्यांना एझेडटी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. काही महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी १ जण दगावला होता. औषधाविना असलेल्यांपैकी १९. सप्टेंबरमध्ये चाचणी थांबवून सर्वांना औषध देऊ केले गेले. मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. वर्षाचा खर्च होता सुमारे दहा हजार डॉलर.

एक आणि एकोणीस हे आकडे संशोधक म्हणून पाहिले तर निष्कर्ष लख्ख आहे. पण ते एकोणीस जण कपाटात होते. त्यांनी आपल्याला उत्तर दिले आणि त्याची किंमतही चुकवली.

त्याच मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या समलिंगी समाजकेंद्रात क्रेमर यांनी एक जळजळीत भाषण केले आणि त्यातून 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. २४ मार्चला तिने वॉल स्ट्रीटवर पहिले आंदोलन केले. मागण्यांपैकी दोन : औषध परवडले पाहिजे आणि नवी औषधे लवकर आली पाहिजेत. गुलाबी त्रिकोण आणि त्याखाली 'मौन म्हणजे मृत्यू' असे भित्तिचित्र शहरभर दिसू लागले. नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांना जो त्रिकोण लावत, तोच यांनी उलटा करून निशाण म्हणून घेतला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये सात कार्यकर्ते न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरले आणि त्यांनी व्यवहार काही मिनिटे रोखले. चारच दिवसांनी कंपनीने एझेडटीची किंमत वीस टक्क्यांनी उतरवली.

आयरिस लाँग यांचा वर्ग

घोषणा देणे एक, आणि आपण काय मागतो आहोत हे नेमके ठाऊक असणे वेगळे. इथे एका शिक्षिकेचा प्रवेश होतो. शाळेतल्या शिक्षिका नव्हेत. आयरिस लाँग या औषध-रसायनशास्त्राच्या संशोधक होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, क्वीन्समध्ये राहणाऱ्या विवाहित गृहस्थ बाई. १९८७ मध्ये त्या ॲक्ट अपच्या सभेला आल्या आणि त्यांच्या लक्षात आले की या तरुणांजवळ संताप भरपूर आहे, पण औषध कसे तयार होते, चाचणीचे टप्पे कोणते, मान्यता कोण देते याची माहिती नाही. त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

शिकणारे कोण? लेखक, नट, कलाकार, रोखे-व्यवहारातला एक तरुण, चित्रपटांचा अभ्यास केलेले मार्क हॅरिंग्टन. त्यांनी चाचण्यांचे आराखडे मागवून वाचले, विषाणूशास्त्राची पुस्तके उघडली. समजले नाही ते शब्द हॅरिंग्टन लिहून ठेवत गेले आणि त्यातून एक शब्दसंग्रहच तयार झाला. तो इतरांना वाटला गेला. शिकवण्याचा अनुभव असणाऱ्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल : न समजलेल्याची लाज न बाळगता यादी करायची आणि एकत्र बसून ती सोडवायची. फरक एवढाच की या वर्गातले काही विद्यार्थी वर्ष संपेपर्यंत जगणार नव्हते.

११ ऑक्टोबर १९८८ रोजी हजाराहून अधिक लोकांनी वॉशिंग्टनजवळच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) इमारतीला वेढा घातला. दीडशेहून अधिक जणांना अटक झाली. बाहेर घोषणा होत्या आणि हातात अभ्यासपूर्ण पुस्तिका होती. आतल्या अधिकाऱ्यांना खरा धक्का बसला तो त्या पुस्तिकेचा.

त्यांचे म्हणणे काय होते?

'आम्हाला औषध द्या, तुमचा प्रयोग गेला खड्ड्यात' असे ते म्हणत नव्हते. त्यांचा युक्तिवाद प्रयोगाच्या अंगाने होता.

पहिला मुद्दा असा. जीव वाचवण्यासाठी चाचणीत शिरलेला माणूस आज्ञाधारक राहत नाही. एझेडटीच्या चाचणीतच काही रुग्णांनी आपल्या गोळ्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या होत्या आणि काहींनी एकमेकांत वाटून घेतल्या होत्या. म्हणजे कपाटातल्या रोपाला कोणीतरी चोरून ऊन दाखवत होते! अशा चाचणीचे आकडे कितपत शुद्ध? चाचणी माणुसकीने आखली तर लोक नियम पाळतील आणि उत्तरही खरे मिळेल.

दुसरा मुद्दा. चाचणीत फक्त 'स्वच्छ' रुग्ण घ्यायचे, म्हणजे दुसरे कोणतेही औषध न घेणारे, ही अट वास्तवाला सोडून होती. १९८७ मध्ये कॅलन यांनी राष्ट्रीय संस्थेचे एड्स-संशोधनप्रमुख अँथनी फाउची यांना भेटून विनंती केली की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळणारी औषधे उपलब्ध आहेत, ती रुग्णांना आधीपासूनच द्यावीत अशी शिफारस करा. पुरेसा पुरावा नाही म्हणून फाउची यांनी नकार दिला. तेव्हा न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतले डॉक्टर व रुग्ण यांनी आपापल्या दवाखान्यांतूनच अभ्यास केला. श्वासावाटे घ्यायच्या पेंटामिडीन औषधाला १९८९ मध्ये मान्यता मिळाली ती अशा सामुदायिक चाचण्यांच्या आकड्यांवर. तोवरची दोन वर्षे हजारो जण टाळता येण्याजोग्या न्यूमोनियाने गेले.

तिसरा मुद्दा. ज्यांना चाचणीत बसता येत नाही आणि ज्यांच्यापुढे दुसरा इलाज नाही, त्यांना नवे औषध चाचणीबाहेर, समांतर मार्गाने द्या. चाचणीही चालू द्या. ही 'समांतर मार्गा'ची कल्पना १९८९ मध्ये फाउची यांनी उचलून धरली. क्रेमर यांनी ज्यांना खुल्या पत्रात नालायक ठरवले होते, तेच फाउची. त्यांनी आंदोलकांची पत्रके वाचली, त्यांना बोलावले, आणि त्यांचे अनेक मुद्दे बरोबर आहेत हे मान्य केले. त्याच वर्षी डीडीआय हे औषध समांतर मार्गाने द्यायला सुरुवात झाली. मे १९९० मध्ये संशोधनसंस्थेच्या आवारात मोठे आंदोलन झाल्यावर चाचण्या ठरवणाऱ्या समित्यांमध्येही कार्यकर्ते बसू लागले.

चौथा मुद्दा स्त्रियांचा. एड्सची अधिकृत व्याख्या पुरुष रुग्णांकडे पाहून तयार झाली होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारखे आजार त्या यादीत नव्हते. त्यामुळे स्त्रिया एचआयव्हीने मरत होत्या, पण त्यांना 'एड्स' होत नव्हता आणि म्हणून मदतही मिळत नव्हती. मॅक्सीन वुल्फ आणि त्यांच्यासारख्या समलिंगी कार्यकर्त्या, तुरुंगातून सुटून आलेल्या कॅटरिना हॅस्लिप, न्यायालयात दावा लावणाऱ्या वकील यांनी काही वर्षे हा लढा चालवला. जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली. हॅस्लिप त्याच्या आदल्याच महिन्यात वारल्या. व्याख्येत काय घ्यायचे आणि काय वगळायचे यावर कोणाला मोजले जाते हे ठरते, हा धडा आकडेवारी शिकवताना जरूर सांगावा.

घाईची किंमत

इथवर वाचून गोष्ट सरळ वाटेल : आंदोलक बरोबर, शास्त्रज्ञ चूक. पण ती तशी नाही.

१९८९ मध्ये एका अमेरिकी चाचणीत असे दिसले की लक्षणे नसलेल्यांनाही एझेडटी लवकर सुरू केल्यास रोग लांबतो. चाचणी लवकर थांबवली गेली आणि हजारोंनी औषध सुरू केले. पण १९९३ मध्ये कॉनकॉर्ड या ब्रिटिश-फ्रेंच चाचणीचे निष्कर्ष आले. १,७४९ जणांना सुमारे तीन वर्षे पाहिल्यावर, एझेडटी लवकर घेणाऱ्यांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. रोगप्रतिकारक टी-पेशींची संख्या वाढत होती, माणूस मात्र जास्त जगत नव्हता. कारण विषाणू नकला करताना सारख्या चुका करतो आणि त्या चुकांतूनच एका औषधाला न जुमानणारे प्रकार निपजतात.

आता आंदोलकांपुढे अवघड प्रश्न आला. १९९२ मध्ये ॲक्ट अपमधून फुटून हॅरिंग्टन आणि इतरांनी 'ट्रीटमेंट ॲक्शन ग्रुप' काढला होता. १९९४ मध्ये सॅक्विनाविर या नव्या औषधाला झटपट मान्यता देण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा याच गटाने एफडीएला कळवले की घाई करू नका, आधी मोठी आणि नीट तुलना करणारी चाचणी घ्या. सहा वर्षांपूर्वी याच लोकांनी एफडीएच्या दारात वेगासाठी अटक करून घेतली होती! त्यांच्या जुन्या सोबत्यांना हा विश्वासघात वाटला. कोण बरोबर होते, यावर मतभेद राहिले. सॅक्विनाविरला डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळालीच.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो. स्वतःच्या मरणाचा दिवस दिसत असताना, पुराव्यापुढे आपले मत बदलणे सोपे नाही. प्रयोगशाळेत सुरक्षित बसलेल्या आमच्यासारख्यांनाही ते अनेकदा जमत नाही.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय यशस्वी ठरला. एका औषधाला चुकवणारा विषाणू एकाच वेळी तिघांना चुकवू शकत नाही. १९९५ साली अमेरिकेत सुमारे पन्नास हजार माणसे एड्सने गेली होती. १९९७ मध्ये हा आकडा निम्म्याहून खाली आला.

आपल्याकडे

ही औषधे जगातल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा चित्र पालटू लागले. एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

शिक्का मात्र आपल्याकडेही होताच. १९८९ मध्ये गोव्यात डॉमनिक डिसूझा यांना, रक्तात एचआयव्ही सापडल्यामुळे, आरोग्य कायद्याखाली धरून म्हापशाच्या एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबले गेले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. सुटल्यावर डॉमनिक यांनी रुग्णांची संघटना उभारली. १९९२ मध्ये ते वारले.

मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह 'हमसफर ट्रस्ट' सुरू केला. १९९४ मध्येच दिल्लीच्या 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने कलम ३७७ ला न्यायालयात आव्हान दिले. निमित्त होते तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध देण्यास झालेल्या नकाराचे. ज्या संबंधांना कायदा गुन्हा म्हणतो, त्यातला धोका टाळण्याची साधने देणे म्हणजे गुन्ह्याला मदत, असा पेच होता. संमतीने होणारे प्रौढांमधील समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. चोवीस वर्षे गेली.

पुन्हा त्या दोन कुंड्यांकडे. पुढच्या वेळी हा प्रयोग कराल तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : कपाटात माणूस ठेवायचाच असेल, तर प्रयोग कसा आखाल? किती दिवस? कधी थांबवाल? त्याला काय सांगाल? आणि तो कुंडी कुठे ठेवायची हे ठरवायला आला, तर त्याला बसायला जागा द्याल का? मुले चांगली उत्तरे देतात असा माझा अनुभव आहे. आणि वर्गातले एखादे मूल, ज्याला आपण वेगळे आहोत हे नुकतेच कळू लागले आहे, तेही कान देऊन ऐकत असेल.